शेतकरी शोधतो तो शब्द : कृषी संकेतस्थळांसाठी शोधशब्दांचा अभ्यास आणि नोंद

वाराणसीच्या घाटांसमोर, गंगेच्या पलीकडच्या तीरावर रामनगर आहे. काशीनरेशांचा किल्ला आणि महिनाभर चालणारी रामलीला यांमुळे हे गाव सर्वांना ठाऊक आहे. भाजीपाला संशोधकांना मात्र ते मोठ्या, गोल वांग्यासाठी माहीत आहे. वाणांच्या जुन्या याद्यांत या वांग्याची नोंद ‘रामनगर जायंट’ अशी आढळते. तेथील बाजारात त्याला ‘भंटा’ म्हणतात. निखाऱ्यावर भाजून त्याचा चोखा करतात. २०२३ मध्ये ‘रामनगर भंटा’ या नावाने त्यास भौगोलिक मानांकन मिळाले.

या एका फळाभाजीच्या नावात संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रत्येक कृषी संस्थेसाठी एक धडा दडलेला आहे. एखाद्या संशोधन केंद्राने या वाणाची उत्तम माहिती तयार केली आणि तिला ‘बैंगन की उन्नत खेती’ असे शीर्षक दिले, तर भ्रमणध्वनीवर ‘भंटा’ हा शब्द लिहिणाऱ्या रामनगरच्या उत्पादकापर्यंत ती पोहोचेलच असे नाही. शोधयंत्रे समानार्थी शब्द काही प्रमाणात ओळखतात; पण इंग्रजीत त्यांची ही जाण जितकी पक्की आहे तितकी भारतीय भाषांतील बोलीशब्दांबाबत नाही. नुसते ‘रामनगर’ शोधावे तर अडचण आणखी वाढते. त्या नावाखाली वाराणसीचा किल्ला येतो, कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानाजवळचे उत्तराखंडातील रामनगर येते आणि रेशीम कोषांच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले कर्नाटकातील रामनगरही येते. ‘रामनगर’ आणि ‘भंटा’ हे दोन शब्द एकत्र आले म्हणजेच शोधणाऱ्याचा हेतू स्पष्ट होतो.

महाराष्ट्रातील स्थिती वेगळी नाही. येथेही जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि येथेही शेतकरी ‘भरताचे वांगे’, ‘भरीत वांगी’, ‘हिरवे वांगे’ अशा नाना नावांनी माहिती शोधतो. शास्त्रीय लेखनात हे सारे ‘वांगी पीक’ या दोन शब्दांत सामावले जाते. शोधशब्दांचा अभ्यास म्हणजे या दोन भाषांमधील, शेताच्या आणि संशोधन केंद्राच्या भाषेतील, अंतर मोजण्याचे काम होय. संकेतस्थळाच्या भेटी वाढणे हा त्याचा दृश्य परिणाम. त्याचे खरे प्रयोजन शिफारस वेळेत शेतावर पोहोचावी हे आहे.

नावाची गल्लत

वाराणसीजवळील भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने आपल्या वाणांना ‘काशी’ हे उपपद दिले आहे. दुधी भोपळ्याचा वाण ‘काशी गंगा’, चवळीचा ‘काशी कांचन’, लाल भेंडीचा ‘काशी लालिमा’, वांग्याचा ‘काशी तरू’. नावे सुरेख आहेत, संस्थेची ओळख सांगणारी आहेत. परंतु ‘काशी गंगा’ एवढेच शब्द शोधचौकटीत लिहिल्यास गंगा आरती, नौकाविहार आणि यात्रेची माहिती पुढे येणे स्वाभाविक आहे. दुधी भोपळा त्या गर्दीत हरवतो. त्यामुळे अशा वाणाच्या पानाचे शीर्षक ‘काशी गंगा’ असे न ठेवता ‘दुधी भोपळा : काशी गंगा वाण, लागवड व बियाणे उपलब्धता’ असे ठेवणे शहाणपणाचे ठरते.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वाणांबाबत मराठीत याहून मौजेचा घोटाळा होतो. ‘फुले संगम’ आणि ‘फुले किमया’ हे सोयाबीनचे वाण आहेत. आणि ‘सोयाबीन फुले’ लिहिणाऱ्याला कदाचित सोयाबीनची फुलगळ थांबवायची असते. शिवाय अनेक शेतकरी वाणाचे नाव न लिहिता क्रमांकच लिहितात. ‘फुले संगम’ हा त्यांच्या लेखी ‘७२६’ असतो, ‘फुले किमया’ हा ‘७५३’. उसाचा को ८६०३२ तर सर्वत्र आकड्यानेच ओळखला जातो. हे आकडे कोणी देवनागरीत लिहितो, बरेच जण इंग्रजी अंकांत. वाणाच्या पानावर पूर्ण नाव, संशोधन क्रमांक, प्रचलित आकडा आणि पिकाचे नाव या चारही गोष्टी आल्याच पाहिजेत.

रोग व किडींच्या नावांत ही गल्लत केवळ गमतीची राहत नाही. ‘करपा’ हा शब्द भात, कांदा, बटाटा आणि केळी या चारही पिकांत वापरला जातो; रोगकारक बुरशी मात्र वेगवेगळ्या आहेत. ‘बोकड्या’ हा वांग्यात पर्णगुच्छ रोगास म्हणतात, तर मिरचीत पाने आकसून वळली की तोच शब्द वापरतात, तेथे ‘चुरडा-मुरडा’ हेही नाव आहे. वांग्यातील बोकड्या तुडतुड्यांमार्फत पसरतो. मिरचीत विषाणू, फुलकिडे, कोळी यांपैकी कशाचाही दोष असू शकतो. ज्याने नुसते ‘बोकड्या औषध’ असे शोधले त्याच्या हाती दुसऱ्याच पिकाची शिफारस पडली, तर फवारणीचा खर्च वाया जातो आणि रोग तसाच राहतो. पिकाचे नाव शीर्षकातच असावे, हा नियम म्हणूनच कटाक्षाने पाळावा लागतो.

‘लष्करी अळी’चे उदाहरण तर प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याच्या स्मरणात असेल. हे नाव कोकणातील भात उत्पादकांना पूर्वापार माहीत होते. भाताच्या लोंब्या कुरतडणाऱ्या अळीस ते लावले जाई. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोग्गा भागात मक्यावर स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा ही परदेशी अळी आढळली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली. तिला ‘अमेरिकन लष्करी अळी’ हे नाव मिळाले, पण रोजच्या बोलण्यात ‘अमेरिकन’ गळून पडले. शेतकऱ्यांचे शब्द बहुधा असे असतात : ‘मक्याच्या पोंग्यातली अळी’, ‘मका पाने खाते अळी’. नवी कीड येते तेव्हा तिचे शास्त्रीय नाव जाहीर होण्यापूर्वीच तिचे वर्णन शोधले जाऊ लागते. ते वर्णन ज्या संस्थेच्या पानावर असेल तिचा सल्ला आधी वाचला जाईल.

शब्द कोठे सापडतात

शोधशब्द कार्यालयात बसून कल्पनेने रचता येत नाहीत, ते गोळा करावे लागतात. त्यासाठी हाताशी असलेले सर्वांत मोठे भांडार म्हणजे किसान कॉल सेंटर. २१ जानेवारी २००४ रोजी ही सेवा सुरू झाली. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर येणाऱ्या प्रश्नांच्या नोंदी भारत सरकारच्या खुल्या विदा संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, पीक आणि दिनांकानुसार उपलब्ध आहेत. आपल्या जिल्ह्यात जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कोणत्या पिकाविषयी काय विचारले गेले, हे तेथे पाहता येते. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. त्या नोंदींत शेतकऱ्याचे बोलणे जसेच्या तसे नसते. दूरध्वनी घेणाऱ्या कर्मचाऱ्याने केलेला तो संक्षेप असतो. विषय आणि वेळ त्यातून अचूक कळते, शब्द मात्र कळेलच असे नाही.

शब्दांसाठी शेतकऱ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप गट, मेळाव्यातील प्रश्नोत्तरे आणि कृषी सेवा केंद्राच्या दुकानातील संभाषण हेच खरे स्रोत. तेथे ‘कापूस’ हा कपाशी आणि पऱ्हाटी होतो, ‘भात’ विदर्भात धान होतो, ‘हरभरा’ चना होतो. वांग्यावरील शेंडे व फळे पोखरणारी अळी हे पुस्तकी नाव. बांधावरचे उद्गार ‘शेंडे मान टाकतात’, ‘वांगी किडतात’, ‘वांग्याला भोक पडते’ असे असतात. ध्वनीद्वारे शोध घेण्याची सोय २०१७ मध्ये मराठीत आल्यापासून हे बोलीतील वाक्य जसेच्या तसे शोधचौकटीत जाऊ लागले आहे. टंकलेखन करताना जो मनुष्य ‘वांगी अळी’ असे दोन शब्द लिहितो, तोच बोलताना ‘वांग्याचे शेंडे का वाळतात’ असा पूर्ण प्रश्न विचारतो. बरेच तरुण शेतकरी मराठी शब्द रोमन लिपीत लिहितात, हेही विसरू नये.

संगणकीय साधनांपैकी दोन पुरेशी आहेत, आणि दोन्ही विनामूल्य आहेत. गुगल ट्रेंड्समध्ये दोन-तीन शब्दांची तुलना करता येते. त्यातील ० ते १०० ही मापे सापेक्ष असतात. १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत, तर निवडलेल्या काळातील व प्रदेशातील सर्वोच्च पातळी. ‘लष्करी अळी’ आणि ‘मका अळी’ यांपैकी कोणता शब्द महाराष्ट्रात अधिक चालतो व तो कोणत्या महिन्यांत उसळी घेतो, एवढे त्यातून कळले तरी पुष्कळ झाले. फार कमी शोधल्या जाणाऱ्या बोलीशब्दांचा आलेख तेथे दिसतच नाही. त्यावरून तो शब्द निरुपयोगी ठरवण्याची घाई करू नये. शोधचौकटीत पहिला शब्द लिहिताच खाली ज्या सूचना उमटतात, त्या टिपून ठेवणे ही सर्वांत साधी आणि दुर्लक्षित युक्ती आहे.

दुसरे साधन सर्च कन्सोल. त्याचा विचार पुढे नोंदीच्या संदर्भात येईल.

शब्द पानावर कसे यावेत

अजूनही काही संकेतस्थळांवर पानाच्या अदृश्य भागात शोधशब्दांची लांबलचक यादी भरली जाते. गुगल क्रमवारीसाठी ती यादी विचारात घेत नाही, हे त्या कंपनीने २००९ मध्येच जाहीर केले आहे. मजकुरात एकच शब्द वीस वेळा पेरण्याचा उपायही उलटतो. वाचकाला तो खटकतो आणि शोधयंत्र त्याला फसवणूक मानते. शब्द यावेत ते शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात, उपशीर्षकांत आणि छायाचित्राखालच्या ओळीत, आणि तेही स्वाभाविकपणे. ‘वांगी पिकावरील प्रमुख किडींचे एकात्मिक व्यवस्थापन’ या शीर्षकाऐवजी ‘वांग्याचे शेंडे सुकतात, फळे किडतात : शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीचे नियंत्रण’ असे लिहिल्याने शास्त्रीयतेला कोठेही बाधा येत नाही. पहिल्या परिच्छेदात ल्युसिनोड्स ऑर्बोनॅलिस हे नाव एकदा यावे. विद्यार्थी व संशोधक तेच शोधतात. पण सुरुवात मान टाकलेल्या शेंड्यापासून व्हावी, कारण शेतकऱ्याने तेच पाहिलेले असते. त्यानंतर लगेच कृती यावी : किडके शेंडे दर आठवड्यास अळीसह खुडून नष्ट करणे, किडकी फळे शेतात न टाकणे, कामगंध सापळे लावणे, रासायनिक फवारणी या सर्वांनंतर.

मात्रेच्या बाबतीत आणखी एक तफावत आहे, आणि ती जिवाशी खेळणारी आहे. विद्यापीठांच्या शिफारशी बहुधा ‘प्रति १० लिटर पाणी’ अशा असतात. शेतकऱ्याचा पाठीवरचा पंप मात्र १५ किंवा १६ लिटरचा असतो, आणि त्याचा प्रश्न ‘पंपाला किती मिली’ असा असतो. हे उत्तर अधिकृत पानावर नसेल तर तो ते एखाद्या चित्रफितीत, नाहीतर दुकानदाराच्या अंदाजात शोधतो. शिफारस १० लिटरला ४ मिली असेल तर १५ लिटरच्या पंपाला ६ मिली, एवढा हिशेब तक्त्यात मांडून दिला की शोधशब्दही साधतो आणि चूकही टळते. त्याच पानावर फवारणी करताना घ्यावयाची काळजी असावी. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीतून झालेल्या विषबाधेत शेतकऱ्यांचे व मजुरांचे प्राण गेले. सुरक्षिततेच्या सूचना निराळ्या पानावर ठेवल्या तर त्या कोणी मुद्दाम शोधत नाही. ‘पंपाला किती’ शोधत आलेल्या वाचकालाच त्या दिसल्या पाहिजेत.

अनेक संस्थांचे सर्वांत मौल्यवान मराठी साहित्य शोधयंत्राला दिसतच नाही, आणि त्याचे कारण शब्दांत नसून अक्षरात आहे. जुन्या घडीपत्रिका, दैनंदिनी आणि पुस्तिका युनिकोडपूर्व टंकांत तयार झालेल्या आहेत. अशी पीडीएफ पडद्यावर स्वच्छ मराठीत दिसते, पण तीतील ओळ नकलून दुसरीकडे चिकटवली तर रोमन अक्षरांचा गोंधळ उमटतो. शोधयंत्रालाही तोच गोंधळ दिसतो. स्कॅन केलेली पाने तर निव्वळ चित्रे. तपासणीची रीत सोपी आहे : पुस्तिकेतील एक ओळ निवडावी, नक्कल करावी, भ्रमणध्वनीवरील संदेशात चिकटवावी. मराठी उमटली तर ठीक. अन्यथा निदान त्या पुस्तिकेचा सारांश, प्रकरणांची नावे आणि मुख्य शिफारशी युनिकोडमध्ये लिहून स्वतंत्र पान करावे. नवे लेख लिहिण्याआधी हे काम हाती घेतल्यास कमी श्रमांत अधिक लाभ होतो. वीस वर्षांचे संशोधन कपाटात असावे तसे ते संकेतस्थळावर कुलूपबंद पडलेले असते.

शुद्धलेखनाचा प्रश्न नाजूक आहे. शोधणारे ‘कीड’ आणि ‘किड’, ‘हुमणी’ आणि ‘हुमनी’, ‘बोंडअळी’ आणि ‘बोंड अळी’ असे सर्व प्रकार लिहितात. संशोधन संस्थेने अशुद्ध रूपे मजकुरात घ्यावीत असे कोणी म्हणणार नाही. ऱ्हस्व-दीर्घाचे भेद शोधयंत्रे बव्हंशी सांभाळून घेतात. प्रादेशिक पर्याय मात्र अशुद्ध नसतात. ‘धान’ आणि ‘पऱ्हाटी’ यांना मजकुरात सन्मानाने स्थान द्यावे.

नोंदवही

शब्द एकदा निवडले की काम संपले, ही समजूत बहुतेक संकेतस्थळांना भोवते. पिकाप्रमाणे शब्दांचाही हंगाम असतो. त्यामुळे नोंद सतत ठेवावी लागते, आणि ती ठेवण्यासाठी सर्च कन्सोल आहे. संस्थेचे संकेतस्थळ तेथे एकदा नोंदवले की कोणत्या शब्दांवर ते किती वेळा निकालांत दिसले, किती वेळा उघडले गेले, दिसण्याच्या तुलनेत उघडण्याचे प्रमाण किती आणि निकालांतील सरासरी क्रमांक कोणता, हे चार आकडे मिळतात. जिल्हावार विभागणी तेथे मिळत नाही, आणि अगदी मोजक्या लोकांनी वापरलेले शब्द गोपनीयतेसाठी वगळलेले असतात. या मर्यादा मान्य करूनही विस्तार कार्यास त्यात पुष्कळ सामग्री आहे.

समजा, एखाद्या केंद्राचे वांग्यावरील पान ‘वांगी बोकड्या’ या शब्दांवर वारंवार दिसते पण क्वचितच उघडले जाते. दोष बहुधा शीर्षकात असतो. वाचकाला आपला प्रश्न त्यात दिसत नाही. पान उघडले जाते, पण वाचक लगेच परत फिरतो, असे संकेतस्थळाच्या अन्य नोंदींवरून दिसले तर उत्तर फार खाली दडलेले असते, किंवा पानावर नसतेच. तिसरी शक्यता सर्वांत महत्त्वाची : एखादा शब्द नोंदीत पुन्हा पुन्हा येतो आणि त्यासाठी पानच नाही. ‘सोयाबीन ७५३ बियाणे कोठे मिळेल’ असा शोध घेत वाचक रोगांच्या पानावर येऊन पडत असेल, तर बियाणे विक्रीची माहिती देणाऱ्या पानाची मागणी तो नोंदवून गेलेला असतो. अशा अनुत्तरित शब्दांची यादी त्या विषयाच्या शास्त्रज्ञाकडे जावी. संकेतस्थळ सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाने ती स्वतःजवळ ठेवण्यात काही अर्थ नाही.

तुलना करताना मागील महिन्याशी करू नये. शेतीतील शोध जूनमध्ये वाढतात आणि मेमध्ये ओसरतात, त्यात संकेतस्थळाचे कर्तृत्व नसते. सर्च कन्सोल सोळा महिन्यांपर्यंतची आकडेवारी राखते, त्यामुळे या खरिपाची तुलना गेल्या खरिपाशी करता येते. तीही पावसाचे आगमन ध्यानात घेऊन : मान्सून दहा दिवस उशिरा आला तर पेरणीचे शब्दही तितकेच उशिरा येतात. पुढील वर्षांसाठी आकडे जपून ठेवायचे तर ते दर तिमाहीस उतरवून घ्यावे लागतात, कारण सोळा महिन्यांपलीकडचे पुसले जातात.

अलीकडे शोधयंत्रे निकालांच्या वर स्वतःच उत्तराचा गोषवारा मांडू लागली आहेत. वाचक तेवढ्यावर थांबला तर संस्थेच्या पानाला भेट मिळत नाही, पण मजकूर तिचाच असू शकतो. भेटींच्या आकड्यालाच यश मानणाऱ्यांना हे जड जाईल. अशा काळात प्रत्येक पानावर संस्थेचे नाव, शिफारशीचे वर्ष आणि पिकाचे नाव मात्रेच्या अगदी शेजारी असणे आवश्यक आहे, म्हणजे तुकडा उचलला गेला तरी संदर्भ सुटणार नाही. भेटी वाढवण्यासाठी ‘एकाच फवारणीत शंभर टक्के नियंत्रण’ अशा शब्दांच्या मागे लागण्याचा मोह होतो. ते शब्द खूप शोधले जातात हे खरे. त्यांना संशोधन संस्थेने एकच उत्तर द्यावे : अशी फवारणी नाही, हे स्पष्ट सांगणारे पान.

वेळापत्रकाची आखणी या नोंदीवरूनच होते. नवे पान प्रसिद्ध झाल्यावर शोधयंत्राने ते वाचून क्रमवारीत घेण्यास काही दिवस, प्रसंगी काही आठवडे लागतात. कीड दिसू लागल्यावर लिहिलेले पान कीड गेल्यावर सापडते. खरीप वांग्याची लागवड जून-जुलैत होत असेल तर शेंडे अळीचे पान मे महिन्यातच तपासून, शिफारशींत वगळलेली कीटकनाशके काढून, नव्या दिनांकासह तयार असावे. पत्ता मात्र जुनाच ठेवावा. दर वर्षी नवे पान करण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. त्यामुळे मागील वर्षी मिळालेला क्रमांक वाया जातो आणि बंदी आलेल्या औषधाचे जुने पान शोधात वर राहते. प्रत्येक पिकासाठी एक कायमचे पान, त्याच्या माथ्यावर अद्ययावत केल्याचा दिनांक, आणि त्याच्यासाठी नोंदवहीत एक ओळ : पुस्तकी नाव, बोलीतील नावे, ऋतू, मागील खरिपातील चार आकडे आणि अनुत्तरित राहिलेले शब्द. तालुका स्तरावरील कार्यकर्त्याने मेळाव्यात ऐकलेला नवा शब्द त्याच ओळीत, ऐकल्याच्या दिवशीच, लिहून ठेवावा.